शक्ती, अवजार आणि बातमी : खर्डा परिसराच्या आधाराने

गावात दिवसभरात जे काम उरकते त्याला तीन गोष्टी लागतात : काम ओढणारी शक्ती, ती शक्ती कामाला जुंपणारे अवजार आणि काय, कधी, कसे करायचे याची माहिती. शेत नांगरायचे तर बैल हवेत, नांगर हवा आणि वाफसा आला की नाही हे ओळखता यायला हवे. या तिन्हींपैकी एक बदलले की उरलेली दोन जागची हलतात. त्यांच्याबरोबर घरातली कामाची वाटणी, जातीजातींचे व्यवहार, गाणी आणि झोपेच्या वेळासुद्धा हलतात. तंत्रज्ञान, माहिती आणि ऊर्जा यांचा समाजावरील परिणाम अभ्यासायचा म्हणजे ही हालचाल नोंदवायची.

या अभ्यासाला विसाव्या शतकात स्वतंत्र रूप आले. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लेस्ली व्हाइट यांनी १९४३ मध्ये असे मांडले, की दरडोई वापरात येणारी ऊर्जा वाढते किंवा ती वापरण्याची साधने सुधारतात, तशी संस्कृती पुढे सरकते. फ्रेड कॉट्रेल यांचा ऊर्जा आणि समाज यांवरील ग्रंथ १९५५ चा. कॅनडाचे अर्थेतिहासकार हॅरॉल्ड इनिस यांनी माहिती कशावरून वाहून नेली जाते इकडे लक्ष वेधले. दगडावर कोरलेले टिकते, कागदावर लिहिलेले दूर पोचते आणि राज्यकारभाराची घडण त्यानुसार बदलते, असा त्यांचा रोख होता. मराठीत त्र्यं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धान्ताची भाषा नाही, पण कोणाच्या हातचे कोणते काम, त्याचा मोबदला किती आणि तो कसा मिळतो याचे जे बारीक वर्णन आहे, ते या अभ्यासाचा कच्चा माल म्हणून आजही अमोल आहे. व्हाइट यांचे सूत्र सुटसुटीत असले तरी अपुरे आहे. शक्ती किती वाढली हे त्यातून कळते, पण ती कोणाच्या दारात वाढली आणि कोणाच्या खांद्यावरून आली हे कळत नाही. त्यासाठी एखादा ठरावीक मुलूखच डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, बालाघाटाच्या कडेला खर्डा आहे. पलीकडे बीड आणि धाराशिव जिल्हे लागतात. पाऊस बेभरवशाचा, माती कुठे काळी तर कुठे मुरमाड. निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर सरदारांनी अठराव्या शतकाच्या मध्याला येथे भुईकोट किल्ला बांधला. या किल्ल्याच्या परिसरात ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजामअली यांच्यात लढाई झाली.

ही लढाई शौर्यकथा म्हणून नेहमी सांगितली जाते. ऊर्जेच्या हिशेबाने ती पाहिली की वेगळेच काही दिसते. दोन्हीकडचे सैन्य लाखाच्या वर होते, असे ग्रँट डफ लिहितो. घोडे, बैल, उंट आणि हत्ती वेगळेच. एका घोड्याला दिवसाला तीस लिटर पाणी धरले, तरी एक लाख जनावरांना तीस लाख लिटर पाणी रोज लागते. महिना मार्चचा आणि मुलूख अवर्षणाचा. तोफा ओढणारे बैलच, दाणागोटा आणणारे लमाणांचे तांडेही बैलांचेच. त्या काळी सैन्याची सगळी ताकद वैरण आणि पाणी यांतून येत होती, आणि वैरण-पाणी सरले की लढाईही सरत होती.

अवजारे मात्र नवी होती. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली होता, तर निजामाच्या पलटणी रेमाँ या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या. नागपूरकर भोसल्यांचे बाणही मैदानात होते. दिवसाच्या लढाईत निकाल पुरता लागला नव्हता. तो लागला रात्री. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांसाठी पाणी शोधत अंधारात एका ओढ्यावर गेली. तेथे निजामाचे काही लोक होते, त्यांनी गोळी झाडली. शेजारच्या पहाऱ्यांनीही झाडली. भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन झोपलेली पलटण दचकून उठली आणि तिने अंधारातच बार काढले. मोठा हल्ला आला अशी आवई छावणीभर पसरली. निजामअलीने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि तो तेथे कोंडला गेला. तहात त्याला दौलताबादसह मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपयांची रक्कम कबूल करावी लागली. त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली झाला. तहान, भरलेली बंदूक आणि खोटी बातमी या तिघींची गाठ एका ओढ्यावर पडली आणि एका राज्याचा निकाल लागला.

खर्ड्याची बातमी पुढे कशी गेली हेही पाहण्यासारखे आहे. जासूद मोडी लिपीतील पत्रे घेऊन पुण्याला धावत. ती माहिती दरबाराची, ती दप्तरात जाऊन बसली. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली, तेव्हा कुठे ती सर्वांना वाचता आली. त्यासाठी शंभर वर्षे जावी लागली. दुसरी वाट शाहिरांची. याच जिल्ह्यातील संगमनेरच्या अनंत फंदी यांनी खर्ड्यावर पोवाडा रचला. डफ-तुणतुण्यावरची बातमी वाचता न येणाऱ्यालाही कळत होती, तिला कागद लागत नव्हता आणि ती मनात ठसत होती. मात्र शाहीर विजय सांगतो, वैरणीचा हिशेब सांगत नाही. महाराष्ट्राच्या स्मरणात खर्डा विजय म्हणून राहिला आणि त्यातली धोक्याची खूण विसरली गेली, याचे एक कारण माहितीच्या या दोन वाटांच्या वेगळेपणात आहे.

ती खूण अशी. तोफा मराठ्यांच्या होत्या, पण त्या चालवण्याची विद्या पगारी होती. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरात असईची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पेराँ शिंद्यांची नोकरी सोडून निघून गेला. निजामाने तर १७९८ मध्येच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून फ्रेंच पलटणी मोडल्या होत्या. खर्ड्याच्या मैदानात उभी असलेली दोन्ही राज्ये नऊ वर्षांच्या आत इंग्रजांपुढे नमली. अवजार विकत मिळते, पण ते घडवणारे आणि समजून वापरणारे लोक समाजातच तयार व्हावे लागतात, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

लढाईनंतरही खर्डा मोठी पेठ होती. इंग्रजी काळातील गॅझेटियरमध्ये येथे पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार असल्याची नोंद आहे. बालाघाटावरून धान्य आणि देशी कापड येथे येई आणि पश्चिमेला पुण्याकडे जाई. मंगळवारचा जनावरांचा बाजार जिल्ह्यात सर्वांत मोठा होता. बैल हेच त्या काळचे इंजिन असल्याने जेथे बैल विकले जात ते शक्तीचेच केंद्र होते. मग कोळसा आणि वाफ आली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये नगरवरून गेला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. एक रूळ पश्चिमेला, दुसरा दक्षिणेला आणि खर्डा मधल्या कोरड्या भागात. वाफेची शक्ती बैलांपेक्षा मोठी, पण ती रुळापलीकडे एक पाऊलही टाकत नाही. रूळ कुठून न्यायचा हा निर्णय पेठेचा नव्हता, त्याची किंमत मात्र पेठेने मोजली.

शेतातला बदल यापेक्षा सावकाश आला आणि अधिक खोल गेला. विहिरीवरची मोट हे एकट्या शेतकऱ्याचे अवजार नव्हते. चामड्याची मोट चर्मकाराच्या हातची, नाडा आणि सोंदूर मांगाच्या, चाक सुताराचे, कड्या लोहाराच्या. एक मोट चालायची तर निम्मा गाव तिच्याशी बांधलेला असे. या बांधलेपणात आधार होता आणि जाचही होता, कारण मोट शिवणाऱ्यालाच त्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नसे. पुढे पत्र्याची मोट आली, मग तेलावरचे इंजिन, मग विजेची मोटर. बैलजोडीचा जोर ढोबळमानाने एक अश्वशक्ती धरतात. म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर ही न थकणारी, वैरण न मागणारी, रात्री-बेरात्री चालणारी पाच बैलजोडींची दावण. ती आली आणि मोटेभोवतीची सगळी देवघेव एका पिढीत संपली. बलुते गेले. त्याच्याबरोबर सक्तीही पुष्कळ गेली, याचा आनंदच मानायला हवा. पण सुताराचा मुलगा मोटर गुंडाळायला आपोआप शिकला नाही. ज्याला ती विद्या मिळाली तो तालुक्याच्या गावी दुकान टाकून बसला, ज्याला मिळाली नाही तो मजूर झाला.

विजेच्या मोटरीने पाण्याकडे पाहण्याची नजरही बदलली. मोटेला विहिरीचा तळ दिसत असे. सायंकाळी पाणी किती खाली गेले हे मोट हाकणाऱ्याला नाड्याच्या लांबीवरून कळे. बोअरमध्ये पाणी दिसत नाही. पाणाड्या नारळ किंवा काटकी हातात धरून जागा दाखवतो, दोनशे-तीनशे फूट खाली जायचे आणि नशीब पाहायचे. अश्वशक्तीवर एकरकमी वीजआकार असला की एक तास उपसले काय आणि दहा तास उपसले काय, बिल तेच. एका हाताने शक्ती स्वस्त मिळाली आणि दुसऱ्या हाताने माहिती काढून घेतली गेली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्यामुळे भूजल खाली गेले. दोष एकट्या मोटरीचा नाही.

याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारमध्ये १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले आणि पाळले. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, वर्षाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. पाऊस तेथेही बेताचाच, मोटरी त्याच आणि वीजही तीच. फरक आहे तो माहितीत : पाणी किती आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि सर्वांसमोर बोलले जाते. अभ्यासकाच्या दृष्टीने अशी जोडी मिळणे फार मोलाचे.

जिल्ह्याच्या उत्तर भागात पाण्याची गोष्ट निराळीच घडली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने, लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. ऊस म्हणजे कांड्यात साठवलेले ऊन. कारखाना त्याचाच चोथा जाळून वाफ करतो. पण फडातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत नेण्यासाठी अजूनही माणसाचा खांदा लागतो, आणि तो खांदा जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा अशा कोरड्या तालुक्यांतून येतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणी अवजाराच्या नावाने व्हावी, यापेक्षा स्पष्ट दाखला या विषयात शोधून सापडणार नाही. एकाच मुलखात एका टोकाला ऊर्जा साठत गेली आणि दुसऱ्या टोकाने ती अंगमेहनतीच्या रूपात पुरवली. कोयता बंद होईपर्यंत पोरांची शाळा पाचटाच्या खोपीजवळ अडकते, म्हणजे माहितीचा तोटाही त्याच घरात जातो.

जामखेडला १९७० मध्ये एक वेगळा प्रयोग सुरू झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. थोड्याच काळात १९७२ चा दुष्काळ आला. लोकांची पहिली गरज औषधाची नव्हती, पाण्याची होती. हातपंप बसवायचे ठरले तेव्हा पंपाची जागा शक्य तेथे दलित वस्तीत निवडली गेली. पाणी हवे असेल तर गावाने त्या वस्तीत यायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना विहिरीपासून लांब उभे केले, त्यांच्या दारात लोखंडी दांडा उभा राहिला आणि गाव घागरी घेऊन आले. पंप तोच, पण त्याची जागा बदलली की त्याचा सामाजिक अर्थ बदलतो.

त्या पंपाचीही स्वतःची कथा आहे आणि ती मराठी मुलखातलीच आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. गावाच्या मधोमध बसवले की दिवसभर हापसून हापसून ते लवकर मोडत. जालना येथील मिशनच्या कार्यशाळेत त्याचा पोलादी, दणकट अवतार तयार झाला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि त्या सोलापुरी पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप घडला. पुढे तो आफ्रिकेतही गेला. लाखो खेड्यांची तहान भागवणारे हे यंत्र प्रयोगशाळेतल्या नव्या शोधातून आले नाही. पंप कुठे मोडतो हे ज्यांनी रोज पाहिले, त्यांच्या निरीक्षणातून आले.

आरोळे यांच्या कामाचा गाभा माहितीचा होता. गावाने निवडलेली बाई, बहुधा अशिक्षित, बहुधा खालच्या मानलेल्या जातीतली, जामखेडला येऊन शिके आणि गावात परत जाऊन सांगे : जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात हात का धुवायचे आणि पाते का उकळायचे, मुलाचे वजन का करायचे. डॉक्टरच्या डोक्यातली विद्या गावच्या बाईच्या तोंडी गेली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आला. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वीज, रस्ते, मोठी इस्पितळे यांतले फारसे काही नसताना हा फरक पडला. ऊर्जा वाढली तरच समाज सुधारतो असे मानणाऱ्यांना जामखेडचे हे उत्तर आहे.

ऊर्जेतील बदलाने संस्कृतीतले काय जाते, हे पाहायला जात्यापाशी जावे लागते. पहाटे दोन दगडांमध्ये दाणे भरडताना खुंट्याला एक किंवा दोन बायकांचे हात. ज्वारी दळायला अंगातला जोर लागे आणि तो एका लयीत लागे. त्या लयीतून ओवी आली. घरातले सगळे झोपलेले असत आणि जात्याच्या घरघरीत बाईचे बोलणे बाहेर ऐकू जात नसे, म्हणून सासर-माहेर, दुःख, भाऊ, पंढरी आणि पुढे बाबासाहेबसुद्धा त्या ओवीत आले. श्रमाची घटका हीच बाईची एकान्ताची घटका होती. मग गावात पिठाची गिरणी आली, आधी इंजिनावरची, नंतर विजेवरची. पट्टा फिरू लागला आणि तास-दीड तासाचे कष्ट डबा नेण्या-आणण्यावर आले. कोणाही बाईला जाते परत ओढावेसे वाटले नाही आणि वाटूही नये. पण ओवी त्या कष्टाला चिकटलेली होती. हात थांबले तसा गळाही थांबला. गिरणीच्या आवाजात गाता येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून हे ओळखले. त्यांच्या प्रकल्पाने हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय मांडणी केली आणि ‘परी’ या ग्रामीण भारताच्या दस्तऐवज-संग्रहात त्या आज ऐकता येतात. विजेने जे थांबवले ते विजेवर चालणाऱ्या संगणकाने जपले. अर्थात, जपलेली ओवी आणि गायलेली ओवी एक नव्हे. एकीला ऐकणारे मिळतात, दुसरीला गाणारी लागते.

भारतातला पहिला मोबाइलवरचा संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला, खर्ड्याच्या लढाईला दोनशे वर्षे झाली त्याच वर्षी. आज भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे थ्री फेज रात्री आली, तर शेतकरी मोबाइलच्या स्टार्टरने घरातून मोटर चालू करतो. पूर्वी त्यासाठी बॅटरी घेऊन बांधावरून जावे लागे, सापाची आणि बिबट्याची भीती असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबारावरच्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः फोनवरून करू लागला. कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, डीपी जळाल्याची तक्रार हे सगळे त्याच काचेवर येते. आणि त्याच काचेवर आवई पसरायलाही आता ओढ्याकाठचा अंधार लागत नाही. फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर असतो आणि सातबाराही, म्हणून माहिती घरात आली तरी ती चुलीपर्यंत पोचेलच असे नाही.

या सगळ्याची नोंद करायला मोठी यंत्रणा लागत नाही. गावात पहिली मोटर कोणाच्या विहिरीवर बसली, पहिली गिरणी कोणत्या साली आली, हातपंप कोणत्या आळीत बसला आणि तेथे पाणी भरायला कोण आले नाही, पहिला फोन कोणाच्या घरी आणि त्यावर कोणाकोणाचे निरोप येत, हे प्रश्न महाविद्यालयातला कोणताही विद्यार्थी सुटीत आपल्या गावात विचारू शकतो. खर्डा, जामखेड, भूम आणि पाटोदा या पट्ट्यात अशी नोंद अजून करता येण्यासारखी आहे, कारण जाते आणि मोट दोन्ही स्वतःच्या हातांनी चालवलेली माणसे अजून आहेत. त्यांतली बहुतेक पंचाहत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांच्याशी या सुटीतच बोलायला हवे.